दोन गुणांची ओळख

संशोधन-नीती समितीने थोझामा म्बेकेनीचा अर्ज चौथ्यांदा परत पाठवला तेव्हा तिला आधी हसू आलं, आणि हसू आलं याचाच मग राग आला. पहिल्यांदा अर्ज परत आला होता तो समास कमी सोडला म्हणून. दुसऱ्यांदा समितीला प्रश्न पडला होता की विद्यार्थ्यांचा वर्ण ठरवला कुणी. तिने विद्यापीठाचाच प्रवेश-अर्ज जोडून दिला, ज्यात मुलं स्वतःच्या हाताने चौकटीत खूण करतात. तिसऱ्यांदा कुणालातरी काळजी वाटली होती की निष्कर्ष वाचून काळ्या विद्यार्थ्यांच्या मनाला लागेल. आणि आता चौथ्यांदा असं सुचवलं होतं, की ‘गोरे’ हा शब्द जरा बोचतो, त्याऐवजी ‘चांगला संपर्क असलेले विद्यार्थी’ असं म्हणता येईल का.

तिने खाली एका ओळीत लिहिलं, ‘येणार नाही’, सही केली आणि अर्ज पुन्हा नेऊन दिला. महिन्याभराने परवानगी आली. ती कशी आली हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. समिती बहुधा कंटाळली असावी. पण परवानगीला एक शेपूट होतंच. पेट्यांतली बैठकांची जुनी इतिवृत्तं वाचायला मिळतील, मात्र एकतीस डिसेंबरच्या आत विज्ञान शाखेच्या मंडळाने निबंध दाखल करून घेतला पाहिजे. नाहीतर पेट्या परत तळघरात जाणार, आणि काढलेली सगळी टिपणं समितीच्या देखत नष्ट करायची. पुन्हा अर्ज करायचा तर पाच वर्षांनी.

थोझामा क्रान्सफोंटेन विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. बेचाळीस वर्षांची, उंच, चालताना जरा पुढे झुकणारी बाई. विज्ञान शाखेत ती आली तेव्हा शिक्षकांमध्ये ती एकटी काळी होती, आणि अकरा वर्षांनंतर चार जण झाले होते. बाकी तिघांचे करार वर्षावर्षाचे असल्यामुळे ते मंडळाच्या बैठकीला बसत नसत. म्हणजे खोलीत ती एकटीच.

तिचं संशोधन सगळं दोन गुणांवर होतं. पास व्हायला पन्नास लागतात. अठ्ठेचाळीस किंवा एकोणपन्नासवर जे अडकतात, त्यांची वेगळी यादी डिसेंबरच्या बैठकीपुढे येते, आणि मंडळ वाटलं तर दोन गुण वाढवून देतं. कुणाला द्यायचे याचा नियम कुठेही लिहिलेला नाही. वर्षानुवर्षं चालत आलेली एक रीत आहे. अध्यक्ष नाव वाचतात, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघतात आणि विचारतात, “कुणी ओळखतं का?” मग कुणीतरी बोलतं. हो, हा आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, मेहनती पोर आहे. हो, हिच्या वडिलांच्या फार्मवर गेल्या साली आग लागली, सगळं घर हादरलं होतं. हो, हा माझ्या मुलाबरोबर रग्बी खेळतो, खांद्याचं ऑपरेशन झालं होतं बिचाऱ्याचं. आणि दोन गुण मिळतात. कुणीच बोललं नाही तर अध्यक्ष क्षणभर थांबतात, मनापासून वाईट वाटल्यासारखी मान हलवतात आणि पुढचं नाव वाचतात.

आता मासिबुले या काळ्यांच्या वस्तीतून येणारं पोर. सकाळी पहिल्या टॅक्सीत पंधरा जणांबरोबर कोंबून येतं, शेवटचा तास संपला की रांग लागायच्या आत पळत स्टँड गाठतं. ते चर्चला जातं, पण वस्तीतल्या. फुटबॉल खेळतं, पण वस्तीतल्या मैदानावर. त्याच्या घराला आग लागली तर ती त्याच्या गल्लीत कळते. त्या बैठकीत त्याला कोण ओळखणार?

पंधरा वर्षांत सहाशे चौदा मुलं या दोन गुणांवर अडकली होती. गोऱ्या मुलांतली दहापैकी आठ वर गेली. काळ्या मुलांतली दहापैकी तीन. थोझामाने हा हिशेब तीनदा उलटसुलट तपासला. विषय वेगळे काढले, वर्षं वेगळी काढली, आधीचे गुण सारखे असलेली मुलं जोडीने लावली. आकडा हटेना. तिला खरं तर खोलीत कुणी दुष्ट माणूस सापडला असता तर बरं वाटलं असतं. त्याचं नाव घेता आलं असतं. पण इतिवृत्तात सगळी भली माणसं होती, एकमेकांच्या मुलांची काळजी घेणारी.

आणि त्या खोलीत ती स्वतःही बसलेली होती. मंडळावर आल्यापासून आठ वर्षं.

हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि कुणी तोंडावर विचारणं वेगळं. विचारलं ते वुयिसाने.

वुयिसा सहा वर्षांपूर्वी गणितात अठ्ठेचाळीसवर राहिलेला. आता मासिबुलेच्या वेशीवर टायरच्या दुकानात काम करायचा. तिच्या संशोधनात तीस मुलाखती होत्या, त्यातली ही एकोणिसावी. रविवारी दुपारी ती त्याच्या आईच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मधल्या स्टुलावर मुलाखत टिपायचं यंत्र चालू होतं. वुयिसा तिच्या वर्गात होता. संख्याशास्त्रात त्याला एकाहत्तर गुण होते. तास संपला की तो न सांगता फळा पुसून टाकायचा.

“मला तेव्हा वाटलं, अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस,” तो म्हणाला. “यंत्रातून आल्यासारखं. दोन गुण वाढवतात हे मला तुमच्याकडून कळतंय आत्ता. मग ते ठरवतं कोण, मॅडम?”

“बैठक असते. सगळे शिक्षक बसतात. नाव वाचतात आणि विचारतात, कुणी ओळखतं का.”

“कुणाला?”

“त्या मुलाला. म्हणजे तुला.”

वुयिसा हसला. “मग संपलंच की. गणिताचे ते म्हातारे मला वर्षभर सिफो म्हणायचे. सिफो दुसराच होता, तो बुटका. मला ओळखणारं त्या अख्ख्या इमारतीत कोण होतं, तुमच्याशिवाय?”

बोलून गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे थांबले. थोझामाने यंत्राकडे बघितलं. ते बंद करता आलं असतं.

“तुम्ही असता त्या बैठकीला?”

“असते.”

“त्या वर्षी होतात?”

“होते.”

“मग त्यांनी विचारलं तेव्हा...”

“मी गप्प बसले, वुयिसा.”

त्याने का असं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्याकडे सांगायला होतं. मंडळावर आली त्याच साली तिने एका मुलीसाठी तोंड उघडलं होतं. तेव्हाचे अध्यक्ष गोड हसून म्हणाले होते, “थोझामा, आपण इथे आपापल्या माणसांची बाजू घ्यायला बसलेलो नाही.” आणि पुढच्याच नावाला त्यांनी ऑर्गन वाजवणाऱ्याला दोन गुण दिले होते. त्या दिवसापासून तिने ठरवलं, आपल्याकडे कुणाला बोट दाखवता येणार नाही असंच वागायचं. कुणाचीच ओळख सांगायची नाही. याला ती मनातल्या मनात निःपक्षपातीपणा म्हणायची, आणि त्याचा तिला वर अभिमानही होता.

तेवढ्यात वुयिसाची आई चहा घेऊन बाहेर आली. थोझामाला तिच्या कुळाच्या नावाने हाक मारत म्हणाली, “मादलोमो, बसा, घाई करू नका. तुमच्यासारखी माणसं तिथे वर बसली आहेत म्हणून आमच्या पोरांची कुणाला आठवण तरी राहते.”

वुयिसाने आईच्या हातातून कप घेतला. “साखर किती, मॅडम?” त्याने विचारलं. आईला त्याने काही सांगितलं नाही, आणि थोझामाला तो चहा संपवावाच लागला.

त्या आठवड्यात तिने निबंधाचं एकतिसावं पान नव्याने लिहिलं. संशोधक स्वतः आठ बैठकांना हजर होती. त्या पहिल्या मुलीनंतर नाकारलेल्यांपैकी तेवीस मुलं तिच्या वर्गातली होती. तिने एकाचीही ओळख सांगितली नाही. हे लिहून झाल्यावर शेवटची शिफारस अगदी साधी होती. तो प्रश्न विचारणं बंद करा. यादीतून नावं काढा, वर्षभराचे गुण बघा, आणि सगळ्यांना एकच नियम लावा.

निबंध डिसेंबरच्या बैठकीत नवव्या क्रमांकावर लागला. वर्षातली शेवटची बैठक. दाखल झाला की जानेवारीत थेट विद्यापीठाच्या मोठ्या सभेपुढे जाणार होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी अडकलेल्यांची यादी आली. थोझामाने ती नेहमीसारखी वरून खाली वाचली आणि चौथ्या नावावर थांबली. लिलिथा मातोला, सेंद्रिय रसायनशास्त्र, अठ्ठेचाळीस.

लिलिथाला ती रोज बघायची. सातच्या टॅक्सीने यायचं म्हणजे पावणेआठला पोहोचायचं, आणि ग्रंथालय उघडायचं नऊला. म्हणून ती पोरगी थोझामाच्या खोलीबाहेरच्या पायरीवर वही उघडून बसायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या वर्गात होती. कधी काही विचारायला आत आली नाही, फक्त थोझामा आली की पाय बाजूला घ्यायची आणि म्हणायची, “माफ करा हं, मॅडम.” पदवीचा हा एकच विषय राहिला होता तिचा. गेल्या वर्षीही राहिला होता. एकाच विषयात दोनदा नापास झालं की नाव कमी होतं, असा नियम, आणि हा मात्र नीट छापलेला आहे.

दुपारी शाखेचे अध्यक्ष गिडियन लाऊबसर यांनी तिला बोलावलं. लाऊबसर साठीचे, गुलाबी चेहऱ्याचे, कुणाचं वाईट न चिंतणारे. थोझामाला त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे ते अजून तिच्याशी मुलीसारखं बोलायचे. टेबलावर बायकोने भाजलेल्या टोस्टचा डबा होता, तो त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

“फार महत्त्वाचं काम केलंयस,” ते म्हणाले. “एकतिसावं पान वाचून तर मला झोप लागली नाही. असं लिहायला छाती लागते.”

“मग उद्या दाखल होईल ना?”

“व्हायला काहीच हरकत नाही. माझा पाठिंबा आहे. फक्त एक बारीकशी गोष्ट.” त्यांनी टोस्ट चहात बुडवला. “तुझा निबंध या यादीवरच आहे. म्हणजे यादीच्या विषयात तुझे हितसंबंध गुंतलेत. नियम चौदा. सहावा विषय, म्हणजे यादी, चालू असताना तू बसू शकतेस, पण बोलायचं नाही.”

“मी इतकी वर्षं बोललेच नाही. त्यावरच तर निबंध आहे.”

“तेच म्हणतोय मी. तुला काय जड जाणार आहे?” ते हसले, टोमणा म्हणून नाही, खरंच सोयीचं वाटलं म्हणून. “आणि समजा कुणी उद्या म्हणालं, बाईंनी आपला निष्कर्ष खरा ठरवायला यादीत ढवळाढवळ केली, तर? तीन वर्षांचं काम पाण्यात जाईल. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय.”

“आणि बोलायचंच असेल तर?”

“तर निबंध मागे घ्यायचा. दोन्हीकडे नाही राहता येत, थोझामा. पण तू तसं का करशील?”

ती जिना उतरून खाली आली तेव्हा पायरीवर लिलिथा नव्हती. परीक्षा संपल्या होत्या, कशाला असेल. थोझामाने स्वतःची समजूत घातली. एका पोरीसाठी बोलले तर एक पोरगी पास होईल. निबंध दाखल झाला तर पुढे दरवर्षीची सगळीच. हा हिशेब तर तिच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल. घरी जाऊन तिने मका-घेवडा शिजत ठेवला आणि जेवेपर्यंत हाच हिशेब चारदा केला. चारही वेळा उत्तर तेच आलं, आणि प्रत्येक वेळी ती आणखी चिडली.

बैठक दहाला सुरू झाली. लांब टेबल, एकोणीस माणसं, खिडकीबाहेर जकरंडाची गळून चिकटलेली फुलं. कोपऱ्यात मिसेस आरेन्ड्स इतिवृत्त लिहायला बसल्या होत्या. त्या बावीस वर्षं हेच काम करत होत्या, आणि थोझामाने वाचलेल्या पेट्यांतलं बहुतेक अक्षर त्यांचंच होतं. पहिल्या पाच विषयांत प्रयोगशाळेच्या नळांवर पाऊण तास गेला. मग सहावा विषय आला.

“डॉक्टर म्बेकेनी या विषयात भाग घेणार नाहीत,” लाऊबसर म्हणाले. “नियम चौदा. नोंद करा.”

मिसेस आरेन्ड्सनी नोंद केली.

पहिलं नाव, एकोणपन्नास. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक मारे म्हणाल्या, याची आजी आमच्याच रस्त्यावर राहते, मुलगा अतिशय सभ्य आहे. दोन गुण. दुसऱ्या मुलाचा आईबापांच्या घटस्फोटामुळे अभ्यास बुडाला होता, हे भौतिकशास्त्राच्या दोघांना ठाऊक होतं. दोन गुण. तिसरं नाव मासिबुलेचं होतं. लाऊबसरनी चष्म्यावरून बघितलं, थांबले, मान हलवली. पुढे.

“लिलिथा मातोला. सेंद्रिय रसायन, अठ्ठेचाळीस. दुसरा प्रयत्न.” त्यांनी वर बघितलं. “अरेरे. कुणी ओळखतं का?”

रसायनशास्त्राच्या माणसाने आपल्या कागदात बघितलं. “वर्गात दोनशे मुलं असतात,” तो ओशाळून म्हणाला. कुणीतरी पाण्याचा ग्लास ठेवला. थोझामाला सगळं इतकं तोंडपाठ होतं की पुढे काय होणार ते तिला मिसेस आरेन्ड्सच्या अक्षरात दिसत होतं. कुणीही ओळखत नाही. नामंजूर. लाऊबसरची मान हलू लागली.

“मी ओळखते,” थोझामा म्हणाली.

लाऊबसरची मान अर्ध्यावर थांबली. “थोझामा. आपलं काल बोलणं झालंय.”

“झालंय. मी निबंध मागे घेते.”

“जरा विचार कर. एकतीस तारीख...”

“मला तारीख माहीत आहे, सर. टिपणं मी स्वतः आणून देईन. नववा विषय काढून टाका आणि मिसेस आरेन्ड्सना लिहायला सांगा.”

मिसेस आरेन्ड्सनी पेन उचललं, थोझामाकडे बघितलं आणि लिहिलं. किती वेळ लागला असेल? अर्धं मिनिट. तीन वर्षं, चार अर्ज, तीस मुलाखती, वुयिसाच्या अंगणातला तो चहा, सगळं त्या एका ओळीत गेलं.

“बरं,” लाऊबसर म्हणाले. “कशी ओळखतेस?”

हा प्रश्न ऑर्गनवाल्यासाठी कधी कुणी विचारला नव्हता. तिने तोही गिळला. “रोज पावणेआठला माझ्या दारात अभ्यासाला बसते. दोन वर्षं एक दिवस चुकलेली नाही. अशी मेहनत मी या इमारतीत दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही, शिक्षक धरून.”

प्राध्यापक मारे हसल्या. “मग द्यायलाच हवेत.” आणि दिले. इतकं सोपं. ते इतकं सोपं आहे हे बघून थोझामाला रडू यायच्या ऐवजी टेबल उलथवावंसं वाटलं. वुयिसाला हेच मिळालं असतं. तेवीसच्या तेवीस मुलांना मिळालं असतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

“बुलेलानी न्गोबे. भौतिकशास्त्र एक, एकोणपन्नास. कुणी ओळखतं का?”

थोझामाने हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

“मी ओळखते,” ती म्हणाली.

लाऊबसरनी चष्मा काढला. “हासुद्धा?”

“दोन टॅक्सी बदलून येतो. घरी आई आजारी, धाकटी भावंडं हाच बघतो. पण चिकाटी आहे.” हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. दोन टॅक्सी तर जवळजवळ सगळेच बदलतात. बाकीचं तिने जुळवलं होतं, आणि आयुष्यभर आकड्यांशी इमान राखलेल्या बाईला ते जुळवताना काहीच झालं नाही याचंच तिला नवल वाटलं.

दोन गुण.

पुढची होती कामवा झेंझिले. ही मुलगी आजीकडे वाढलेली, शब्द कमी पण डोकं तल्लख. मग एक लुथांदो नावाचा. तो दर शनिवारी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवतो. मग एक सिनाझो. तिच्या घरी वीज जाते तेव्हा ती शेजारच्या दुकानाच्या दिव्याखाली वाचते. थोझामा बोलत राहिली. मध्ये गोरी नावं येत होती, त्यांना नेहमीप्रमाणे त्यांची माणसं भेटत होती. बाकी जवळजवळ प्रत्येक नावाला ती. मागे टाकलेलं तिसरं नावही तिने परत काढायला लावलं. ऐकू आलं नव्हतं, म्हणाली, यालाही ओळखते.

सातव्या नावाला प्राध्यापक मारे थट्टेने म्हणाल्या, “थोझामा, अगं तू काय अख्खी वस्ती ओळखतेस की काय?”

“माझं चुकत असेल,” थोझामा म्हणाली. “तुमच्यापैकी कुणी या मुलाला ओळखत असेल तर सांगा ना, तो तसा नाहीये म्हणून. मी लगेच मागे घेईन.”

तिने टेबलाभोवती सगळ्यांकडे बघितलं. अठरा जण. कुणी पेनशी चाळा करत होतं, कुणी यादीत डोकं घालून बसलं होतं. ती थापा मारते आहे असं दोघांतिघांना तरी नक्की वाटलं असणार. पण तिला खोटं पाडायलाही त्या मुलाला ओळखणारं कुणी तरी हवं होतं, आणि ते त्या खोलीत नव्हतं.

दोन गुण.

अशी अकरा मुलं वर गेली. यादी संपली, सातवा आणि आठवा विषय झाला. नवव्याला लाऊबसर म्हणाले, “लेखिकेने मागे घेतला,” आणि दहाव्यावर गेले, जो गाड्या लावायच्या जागेबद्दल होता.

बैठक सुटल्यावर थोझामा परत करायच्या पेट्यांची पोचपावती घ्यायला थांबली. मिसेस आरेन्ड्स कागद लावत होत्या. मान वर न करता त्या हळूच म्हणाल्या, “बावीस वर्षं लिहितेय मी हे. इतका हात कधी दुखला नव्हता.” आणि पावती पुढे केली.

तेवढ्यात लाऊबसर आले. चेहरा उजळलेला. एखादं अवघड लग्न नीट पार पडल्यावर वधूपित्याचा असतो तसा.

“तुला सांगू, थोझामा? निबंधाचं मला खरंच वाईट वाटतंय. पण आज जे झालं ते मी इतक्या वर्षांत बघितलं नाही. मी आत्ताच मोजलं. या वर्षी काळी मुलं बाराच्या बारा वर गेली. बाराव्याला तर मारेबाईंनीच ओळखलं. गोऱ्यांतले दोन राहिले. उद्या कुणी या वर्षाचं इतिवृत्त काढून बघितलं तर त्याला कुठलीही विषमता सापडायची नाही.” त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “म्हणजे बघ, पद्धत आपली चांगलीच आहे. फक्त कुणीतरी बोलायला हवं होतं. ते तू आज दाखवून दिलंस. मी हे पुढच्या महिन्यात मोठ्या सभेत सांगणार आहे, तुझं नाव घेऊन.”

थोझामाने त्यांच्याकडे बघितलं. या माणसाला सांगायचं तर फार सोपं होतं. सर, त्या अकरांपैकी दहा जणांचं मी तोंडही बघितलेलं नाही. दुकानाचा दिवा खोटा, शनिवारचं गणित खोटं, आजारी आई खोटी. तुमची पद्धत चांगली नाही, माझ्या थापा चांगल्या होत्या. एवढी तीन वाक्यं बोलली असती तर तिचा निबंध आज पहिल्यांदा खरोखर कळला असता त्यांना.

मिसेस आरेन्ड्स कागद लावायच्या थांबल्या होत्या.

ती तीन वाक्यं थोझामाच्या ओठांवर आली आणि तिथेच राहिली, कारण ती बोलली असती तर इतिवृत्तावरची शाई वाळायच्या आत ती मुलं परत नापास झाली असती.

“धन्यवाद, सर,” ती म्हणाली, आणि पावतीवर सही केली.